ब्रोमीन गेलं, क्लोरीन आलं

आज मऊ खेळण्यांतली थॅलेट नावाची रसायनं घ्यायची होती. पण नाशिकच्या एका वाचकबाईंनी विचारलंय, ‘एखाद्या रसायनावर बंदी आली की विषय संपला ना?’ हा प्रश्न माझ्या फार आवडीचा. तेव्हा थॅलेट पुढच्या खेपेस.

अमेरिकेत झोपायच्या कपड्यांना आग लागून मुलं भाजत, म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नियम आला. कापडाच्या पट्टीच्या खालच्या कडेला तीन सेकंद ज्योत धरायची; जळालेला भाग सरासरी सात इंचांपुढे जाता कामा नये. साधं सुती कापड यात टिकेना. मग पॉलिस्टरला ‘ट्रिस’ नावाचं ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायन चोपडलं जाऊ लागलं, तेही थोडंथोडकं नव्हे, कापडाच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के. कायदा मोडला कुणीच नव्हता. उलट पाळण्याच्या नादातच हे झालं.

बर्कलीच्या ब्रूस एम्स यांची एक चाचणी मला अजून मोहात पाडते. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे आणि हिस्टिडिन जेमतेमच असलेल्या बशीत सोडायचे. त्यांची फारशी वाढ होत नाही. पण बशीत घातलेलं रसायन जनुकांत बदल घडवणारं असेल, तर काही जिवाणू हरवलेली कला परत मिळवतात आणि दोनेक दिवसांत बशीभर ठिपके उगवतात. ट्रिस घातल्यावर ठिपके उगवले. एम्स आणि आर्लीन ब्लम यांनी जानेवारी 1977मध्ये ‘सायन्स’मध्ये इशारा दिला, एप्रिलमध्ये बंदी आली. पुढे हे कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत ट्रिसपासून शरीरात बनणारा पदार्थ सापडला, म्हणजे ट्रिस कातडीतून आत जात होतं. (याच ब्लमबाईंच्या नेतृत्वाखाली 1978 साली महिलांच्या तुकडीने अन्नपूर्णा सर केली. प्रयोगशाळेतल्या माणसाला डोंगर वर्ज्य नसतो!)

इकडे कारखानदारांनी काय केलं? रेणूतलं ब्रोमीन काढून क्लोरीन बसवलं. आडनाव तेच, नाव बदललेलं. ब्लम आणि एम्स यांनी तेही बशीत घातलं; तेही दोषी निघालं. कारखानदारांनी ते मुलांच्या कपड्यांतून आपण होऊन काढून घेतलं, पण बंदी काही आली नाही. तिथेच फट राहिली. कॅलिफोर्नियाच्या 1975च्या आगनियमामुळे फोमला अग्निरोधक हवंच होतं, आणि क्लोरीनवालं ट्रिस गादीत शिरलं. 2011 साली बाळांसाठीच्या वस्तूंतल्या फोमचे 101 नमुने तपासले गेले. 80 टक्क्यांत कुठलं ना कुठलं अग्निरोधक होतं, 36 टक्क्यांत हेच ट्रिस. चौतीस वर्षांनी कपड्यातून पाठीखालच्या उशीत.

तर बाई, उत्तर असं : एकेका रसायनाला नावानिशी हद्दपार केलं तर त्याचा भाऊ दारात उभा असतो. कॅलिफोर्नियाने हे उशिरा ओळखलं. 2018च्या कायद्याने मुलांच्या बऱ्याच वस्तूंत अग्निरोधकांच्या अख्ख्या कुळावर, हजार पीपीएमच्या वर असल्यास, बंदी घातली, अंमल 2020पासून. त्याआधी 2013मध्ये 1975च्या त्या नियमातली फोमला थेट ज्योत लावायची चाचणीच काढून टाकली होती, आणि माझ्या मते खरी करामत तीच. रसायन घालण्याचं कारणच उरलं नाही.

थॅलेटांतही असेच चुलतभाऊ आहेत, बरेच. त्यांची हजेरी पुढच्या आठवड्यात.