सही रे सही! लग्न परदेशात, कागद मंत्रालयात

तिकीट बुक झालं, हॉल ठरला, फ्रेंच सासूबाईंसाठी पैठणीसुद्धा घेऊन झाली. तेवढ्यात तिकडच्या नगरपालिकेचा ईमेल येतो : ‘जन्मदाखला अपोस्टिल केलाय ना?’ घरात सन्नाटा! अपोस्टिल म्हणजे गोळी की गाव? घाबरू नका, मंडळी. कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, असं परदेशाला सांगणारं हे सरकारी प्रमाणपत्र. परदेशात लग्न करायचं असो की जोडीदारापाठोपाठ रेसिडेन्सी मिळवायची असो, कागदांच्या या दुनियेत एकापेक्षा एक भन्नाट गोष्टी दडल्या आहेत. चला, फटाफट पानं उलटू!

नऊ बाय नऊचा व्हीआयपी

माहीत आहे का? अपोस्टिलची साइजसुद्धा आंतरराष्ट्रीय करारात ठरलेली आहे! आकार चौरस, प्रत्येक बाजू किमान ९ सेंटिमीटर. आत बरोब्बर १० क्रमांकित रकाने : देश कोणता, मूळ कागदावर सही कोणाची, ती कोणत्या पदावरून केली, शिक्का कोणाचा वगैरे. बाकी मजकूर आपापल्या भाषेत चालतो. मथळा मात्र फ्रेंचमध्येच. दाखला नागपूरचा असो की टोकियोचा, डोक्यावर फ्रेंच हवंच!

तिघांनी सुरू केलेला ग्रुप

हा करार झाला ५ ऑक्टोबर १९६१ रोजी, नेदरलँड्समधल्या हेग शहरात. अंमल सुरू झाला २४ जानेवारी १९६५ला. पहिले तीन मेंबर कोण? ब्रिटन, फ्रान्स आणि युगोस्लाव्हिया. यातला तिसरा देश आज नकाशावर शोधूनही सापडणार नाही. पण करार ठणठणीत! आता ग्रुपमध्ये सव्वाशेहून जास्त मेंबर आहेत. अमेरिका आली १९८१मध्ये, भारतासाठी करार लागू झाला १४ जुलै २००५पासून. आणि उशिरा येणाऱ्यांत कोण? चीन नोव्हेंबर २०२३मध्ये, तर कॅनडा थेट जानेवारी २०२४मध्ये. टोरांटोच्या फ्लाइट्स भरभरून जात होत्या, अपोस्टिल मात्र आत्ता पोचलं!

७५ दिवसांचा योगायोग

गोंयकारांनो, हे तुमच्यासाठी. करारावर सह्या झाल्या ५ ऑक्टोबर १९६१ला, गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. मधलं अंतर अवघं ७५ दिवस! पुढे याच दोन तारखांची गाठ पडली. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मिळाला. त्यासाठी आजोबांच्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल हवी आणि तीही अपोस्टिलसह. जुन्या नोंदवह्या उघडल्या, धूळ उडाली, पासपोर्टचा रंग बदलला! फक्त एक लक्षात घ्या : भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा सोडावा लागतो.

एका सहीत लग्न? गोव्यात नाही!

गोव्यात सिव्हिल लग्नाचे दोन एपिसोड असतात, माहीत आहे का? आधी निबंधकाकडे जाऊन ‘आम्हाला लग्न करायचंय’ अशी नोंद करून सही. मग मुदत. मग पुन्हा जाऊन पक्की सही. पहिल्या सहीनंतरच पेढे वाटणारे पुष्कळ. पण कायद्याच्या लेखी ते अजून अविवाहितच! व्हिसाच्या फाइलमध्ये पहिल्या सहीचा कागद लावलात, तर अर्ज तिथेच अडकला म्हणून समजा.

सही शंभर टक्के, मजकूर रामभरोसे

आता सगळ्यात मोठा धक्का. अपोस्टिल तुमचा दाखला खरा आहे असं म्हणतच नाही! ते एवढंच सांगतं की, कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का त्याचाच आहे. मजकुराची जबाबदारी शून्य. दाखल्यात जन्मतारीख चुकली असेल, तर अपोस्टिलनंतर ती चुकीची तारीख दिमाखात परदेशी जाईल. म्हणून शिक्क्याआधी स्पेलिंग तपासा!

पन्नास रुपयांत जगाची सफर

परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी किती असेल? पाच हजार? दोन हजार? फक्त ५० रुपये! साधं ॲटेस्टेशन तर मोफत. मग खिसा रिकामा कशाने होतो? त्याआधीच्या पायऱ्यांनी. नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का (आपल्याकडे त्यासाठी मुंबईचं मंत्रालय), मग केंद्राचा. शैक्षणिक कागदांची वाट वेगळी, ती शिक्षण खात्यातून जाते. शिवाय परराष्ट्र मंत्रालय २०१२पासून अर्जदारांकडून थेट कागद घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. त्यांचं सेवाशुल्क वेगळं आणि गल्लीतल्या एजंटाचा ‘चहापाणी रेट’ त्याहून वेगळा!

आखात एक, नियम दोन

कोकणातल्या किती घरांत आखाती कमाईची कौलं चढली, ते सांगायला नको. पण माहीत आहे का, त्या एवढ्याशा टापूत दोन वेगळे नियम चालतात? ओमान, बहरीन आणि २०२२पासून सौदी अरेबिया अपोस्टिलवाले. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत मात्र यादीबाहेर. म्हणजे मस्कतला बायकोला न्यायचं तर मॅरेज सर्टिफिकेटवर एक स्टिकर पुरतो. दुबईला न्यायचं तर आधी दिल्लीचा शिक्का, मग अमिरातीच्या दूतावासाचा, मग तिकडच्या परराष्ट्र खात्याचा. मस्कत ते दुबई अंतर चारशे-साडेचारशे किलोमीटर, कागदाचा प्रवास मात्र कैकपट!

जर्मनीचं ‘हरकत आहे!’

शुभमंगलाच्या वेळी कोणीतरी उठून हरकत घेतो, हा फक्त सिनेमातला सीन वाटतो? जर्मनीने ते खरंच केलं! भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली आणि ती कायम आहे. म्हणून भारतीय अपोस्टिल जर्मनीसाठी उपयोगाचं नाही. त्याऐवजी जर्मन दूतावासामार्फत कागदांची पडताळणी होते. त्यात जन्म खरंच इथे नोंदला होता का, लग्न खरंच झालं होतं का, याची थेट स्थानिक पातळीवर चौकशी होऊ शकते. याला काही महिने लागतात. म्युनिकच्या मुलाशी जुळलं असेल तर मुहूर्त जरा लांबचाच काढा!

गुरुजी, जरा इथे सही

महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या फॉर्मवर वधू-वर आणि तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्याचीही सही लागते. लग्नपत्रिकाही जोडायची असते. म्हणजे मंगलाष्टकं म्हणून निघून गेलेले गुरुजी तुमच्या ऑस्ट्रेलियन व्हिसाच्या साखळीतली पहिली कडी आहेत! दक्षिणेबरोबर त्यांचा मोबाइल नंबरही घेऊन ठेवा.

नाव सांगा, पूर्ण सांगा!

लग्नाआधी वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदललं, काही घरांत तर पहिलं नावसुद्धा! आपल्याला यात नवल काही नाही, पण परदेशी अधिकाऱ्याला फाइलमध्ये दोन-तीन वेगळ्या बायका दिसतात. उतारा काय? राजपत्रात नावबदलाची नोंद. आणि नवी पिढी तर चार शब्दांची! १ मे २०२४पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. परदेशातल्या ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम’वाल्या फॉर्मनो, सांभाळा!

जन्मदाखला शिळा होतो?

जन्म एकदाच होतो, मग दाखला ‘ताजा’ कशाला हवा? फ्रान्समध्ये लग्नासाठी स्थानिक जन्मदाखल्याची नक्कल तीन महिन्यांच्या आतली लागते. कारण झकास आहे. तिथे जन्मनोंदीच्या समासात पुढची कुंडली लिहिली जाते : लग्न कधी, घटस्फोट कधी. पोर्तुगालमध्येही तसंच. ताजी नक्कल पाहिली की पठ्ठ्या सिंगल आहे की नाही ते लगेच कळतं! आपल्या दाखल्यात ही सोय नाही, म्हणून आपल्याला वेगळं अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

जॉन, योको आणि तो खडक

बीटल्सवाल्या जॉन लेननलाही कागदांनी नाचवलं होतं, माहीत आहे का? योको ओनोशी बोटीवर लग्न करायचं ठरलं, जमलं नाही. पॅरिसमध्ये करायचं, तर तिथे आधी काही काळ राहण्याची अट. शेवटी २० मार्च १९६९ला जिब्राल्टर गाठलं आणि काम फत्ते! ब्रिटिश प्रदेश, कागद कमी, वेळ कमी. त्या धावपळीवर त्याने गाणंही केलं. आजही जगभरची जोडपी झटपट लग्नाला जिब्राल्टरच्या त्या खडकावर उतरतात.

युरोपचं गुपचूप गेट

जर्मनीत कागदांनी हैराण झालेली जोडपी कुठे पळतात? शेजारच्या डेन्मार्कला! एरो नावाचं छोटं बेट तर त्यासाठीच प्रसिद्ध. २०१९पासून तिथे एकच सरकारी कार्यालय कागद तपासतं आणि लग्नाला हिरवा कंदील देणारं प्रमाणपत्र देतं, चार महिने चालणारं. लग्नाचा दाखला मिळतो पाच भाषांत!

मध्यरात्रीचा मुहूर्त

लास व्हेगासमध्ये मॅरेज लायसन्सचं ऑफिस सकाळी ८ ते रात्री १२, वर्षाचे ३६५ दिवस उघडं. ना पंचांग, ना अमावास्या! पण हे लग्न भारतात दाखवायचं, तर नेवाडा राज्याच्या कार्यालयाचं अपोस्टिल लागतं. अमेरिकेत राज्यांचे कागद ज्या त्या राज्याच्या हातात. नेवाडाच्या लग्नावर कॅलिफोर्नियाचा शिक्का चालत नाही.

झूमवर शुभमंगल

कोविडकाळात अमेरिकेतल्या युटा काउंटीने व्हिडिओ कॉलवर लग्नं लावायला सुरुवात केली. सगळ्यात खूश कोण? इस्रायली जोडपी! त्यांच्या देशात सिव्हिल लग्नाची सोयच नाही, म्हणून पूर्वी ती सायप्रसला विमानाने जायची. आता सोफ्यावर बसून युटात लग्न! २०२३मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने या लग्नांची नोंद करायला सांगितलं. वाय-फाय गेलं तर मंगलाष्टकं बफर होतात, एवढीच काय ती रिस्क.

नवरा गैरहजर, नवरीही गैरहजर

हे तर हाइट! अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात दोघांच्याही वतीने दुसरेच उभे राहून लग्न लावू शकतात. सैनिकांसाठी ही सोय मोठ्या उपयोगाची. मात्र अमेरिकन इमिग्रेशन खात्याचा हिशेब पक्का आहे : अशा लग्नानंतर जोडपं प्रत्यक्ष एकत्र आलं नसेल, तर ते व्हिसासाठी लग्नच नाही.

आणि एक गोष्ट डोळे ओलावणारी

२ डिसेंबर १९५९ला फ्रान्समध्ये मालपासे धरण फुटलं, ४००हून अधिक माणसं गेली. आपल्या मृत वाग्दत्त वराशीच लग्न लावून द्या, अशी विनंती एका तरुणीने केली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कायदा झाला. आजही फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या परवानगीने मृत व्यक्तीशी लग्न होऊ शकतं. कागदावर तारीख लागते मृत्यूच्या आदल्या दिवसाची.

दूतावासात वाजंत्री

भारतीय दूतावासातही लग्न लागतं, माहीत आहे का? १९६९च्या परदेशी विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असला की झालं. आधी नोटीस, हरकतींसाठी ३० दिवस, मग सह्या. गंमत पुढे आहे : दूतावासाने तयार केलेल्या कागदांना अपोस्टिल लागू होत नाही. करारातच ते वगळले आहेत!

जाता जाता, खिशात ठेवा

सगळ्यात आधी ज्या देशात कागद द्यायचा, तिथल्या कार्यालयाला लेखी विचारा : अपोस्टिल हवं की दूतावासाचा शिक्का, भाषांतर कोणाकडून आणि दाखला किती जुना चालेल. मग इकडची धावपळ सुरू करा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. आणि हो, ‘खराब होऊ नये’ म्हणून दाखले लॅमिनेट करायची हौस आजच सोडा. प्लास्टिकवर ना शिक्का बसत, ना स्टिकर. लॅमिनेट केलेला दाखला असेल, तर उद्याच नवीन नकलेसाठी अर्ज टाका!