बेस गिटारचा आवाज मोकळा करा, तोही अल्प खर्चात

ऑर्केस्ट्रा असो वा गायन पार्टी, बेस गिटारने गाण्याला भक्कम पाया मिळतो. परंतु तारांची खरखर लपविण्यासाठी टोनचे बटण पूर्ण खाली केले की नुसती घरघर उरते. कोणता स्वर वाजला हे श्रोत्यांनाच काय, गायकालाही कळत नाही. मग होतकरू वादक कर्ज काढून नवे वाद्य घेण्याच्या विचाराला लागतो. आम्ही त्याला सांगू इच्छितो, आधी हातातल्या वाद्याची रचना समजून घ्या.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. बॅटरी नसलेल्या बहुतेक बेस गिटारींत टोनची जोडणी आजही तशीच साधी असते. पिकअपमधून येणाऱ्या आवाजातील तीव्र भाग एक छोटा कपॅसिटर अर्थच्या तारेकडे वळवितो. किती वळवायचा, हे बटण ठरविते. म्हणजे टोनचे बटण आवाजात भर घालीत नाही, केवळ वजाबाकी करते.

सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. लहान स्पीकरवर तो नीट उमटत नाही. कानाला त्याची ओळख पटते ती वरच्या उपस्वरांवरून, आणि नेमके तेच कापले जातात.

उपाय सोपा आहे. पुष्कळ गिटारींत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो; त्यावर बहुधा ‘४७३’ छापलेले असते. त्याजागी ०.०२२ चा, म्हणजे ‘२२३’ लावावा. बटण खाली केले तरी मधले स्वर शिल्लक राहतात. बटण पूर्ण वर असताना मात्र फरक जवळजवळ जाणवणार नाही.

केबल काढून झाकण उघडा. जोडणीचे चित्र वहीत काढा. जुन्याचे एक टोक सोडवून नवा कपॅसिटर क्लिपने जोडा आणि वाजवून पाहा. पसंत पडला तरच, केबल पुन्हा काढून, सोल्डरचा डाग द्या. साध्या सिरॅमिक कपॅसिटरचे पाय उलटसुलट लागले तरी चालते. जुना भाग जपून ठेवा. अ‍ॅम्प्लिफायर मात्र उघडू नका; वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक दाब साठलेला असू शकतो.

हे काम करताना घरातील मुलामुलींना शेजारी बसवा. पुस्तकातला कपॅसिटर काय करतो, ते त्यांना कानांनी ऐकता येईल. आणि आपल्या वाद्याचे अंतरंग जाणणाऱ्याला दुकानदार सहजासहजी फसवू शकत नाही!