बृहदांत्र कर्करोग : वृद्धांतील शस्त्रक्रियोत्तर रासायनी चिकित्सा

बृहदांत्राचा (मोठ्या आतड्याचा) कर्करोगग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावरही काही कर्क कोशिका शरीरात उरण्याचा संभव असतो. तपासणीत न दिसणाऱ्या अशा कोशिकांच्या नाशासाठी दिलेल्या औषधोपचारास पूरक रासायनी चिकित्सा म्हणतात. रोग लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचला असल्यास (तिसरी अवस्था) ती सामान्यतः देतात. ग्रंथी रोगमुक्त असल्यास (दुसरी अवस्था) तिचा लाभ अल्प असतो. हा रोग मुख्यत्वे उतारवयातला. परंतु औषधांच्या परीक्षणांत सत्तरीपुढील रुग्ण थोडेच घेतले गेले. त्यामुळे केवळ वयाकडे पाहून उपचार नाकारण्याचा प्रघात दीर्घकाळ चालू राहिला.

या चिकित्सेतील मूळ औषध फ्ल्युओरोयुरॅसील हे होय. चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांचे सहकारी यांनी ते १९५७ मध्ये पुढे आणले. कोशिकेतील एका एंझाइमाचे कार्य रोखून ते डीएनएची निर्मिती थांबविते. १९९० मध्ये हे औषध व लेव्हामिसोल (मूळचे जंतांवरील औषध) यांच्या संयोगाने तिसऱ्या अवस्थेतील मृत्युप्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे दिसून आले. पुढे लेव्हामिसोलची जागा ल्यूकोव्होरिनने घेतली. सात परीक्षणांतील ३,३५१ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ७१%, तर न घेतलेल्यांत ६४% आढळले आणि सत्तरीपुढील रुग्णांनाही तरुणांइतकाच लाभ झाल्याचे दिसले. अर्थात परीक्षणात निवडलेले वृद्ध हे प्रकृतीने बऱ्यापैकी धडधाकट होते, हे विसरता येत नाही.

ऑक्सॅलिप्लॅटिनाची गोष्ट वेगळी आहे. २००४ पासून फ्ल्युओरोयुरॅसिलाच्या जोडीला ते रूढ झाले. मात्र सत्तरीनंतर त्यामुळे आयुष्य वाढल्याचा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. उलट, तंत्रिकांना इजा होऊन हातापायांना मुंग्या व बधिरता येते, ती कित्येकदा टिकून राहते आणि आधीच डळमळीत चालणारा रुग्ण पडण्याची भीती वाढते. म्हणून वृद्धांना पुष्कळदा फ्ल्युओरोयुरॅसील किंवा कॅपेसिटाबीन गोळ्या एवढेच देतात. गोळ्या सोयीच्या असल्या, तरी वृक्कांचे कार्य मंदावले असल्यास मात्रा कमी करावी लागते व ते फारच क्षीण असल्यास त्या वर्ज्य ठरतात. अतिसाराने होणारे निर्जलीभवन वृद्धांत लवकर गंभीर होते. ही औषधे निष्प्रभ करणारे एंझाइम काहींत जन्मतःच अपुरे असते व त्यांना नेहमीची मात्राही प्राणघातक ठरू शकते. त्याची पूर्वतपासणी आता करता येते.

वयाच्या आकड्यापेक्षा चालण्याची क्षमता, स्मरणशक्ती, पोषण, सहव्याधी व घरातील आधार यांचे मूल्यमापन अधिक उपयुक्त असते. अर्बुदातील डीएनए-दुरुस्तीचा दोष वृद्ध स्त्रियांत विशेष आढळतो; तो असल्यास दुसऱ्या अवस्थेत नुसत्या फ्ल्युओरोयुरॅसिलाचा उपयोग होत नाही. उपचार शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा ते आठ आठवड्यांत सुरू करणे इष्ट असते. त्याचा कालावधी पूर्वी सहा महिने असे. ऑक्सॅलिप्लॅटिनयुक्त उपचार कमी धोक्याच्या तिसऱ्या अवस्थेत तीन महिने दिले, तरी कॅपेसिटाबिनाच्या जोडीने ते जवळजवळ तितकेच परिणामकारक असतात व तंत्रिकांची इजा बरीच कमी होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा परीक्षणांच्या एकत्रित निष्कर्षांवरून दिसते.