वारसांचे कागद (भाग ४) : नोंद जिथे, नक्कल तिथे

तेरवी आटोपते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि घरातले कुणी वडीलधारे विषय काढते, "आता बाबाचा दाखला काढा लागते." बँकेतले खाते, पीककर्ज, विमा, वावराचा सातबारा, सगळे त्या एका कागदापाशी येऊन थांबलेले असते. मागच्या भागात मृत्यूची वर्दी कुणी द्यायची याची माहिती आली. आता त्या नोंदीच्या प्रमाणित प्रतींविषयी.

सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात ते कार्यालय चुकल्यामुळे. समजा, ब्राह्मणवाडा थडीचा एक कास्तकार आजारी पडला. त्याला आधी चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात नेले, तिथून अमरावतीला हलवले आणि तिथेच त्याने प्राण सोडला. माती गावात झाली, म्हणून घरचे लोक ग्रामपंचायतीत दाखला मागायला जातात. तो तिथे मिळणार नाही. मृत्यू जिथे झाला, तिथल्या निबंधकाच्या दप्तरात नोंद होते आणि दाखलाही तिथूनच निघतो. गावात, घरी मृत्यू झाला तर ग्रामपंचायत. चांदूर बाजार शहरात झाला तर नगरपरिषद. अमरावती किंवा नागपुरात झाला तर त्या शहराचा निबंधक. अंत्यसंस्कार कुठे झाले, आधार कार्डावर पत्ता कुठला, याने त्यात फरक पडत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. मृत्यूची वर्दी २१ दिवसांत द्यायची असते आणि नोंद झाल्यावर वर्दी देणाऱ्याला दाखल्याची एक प्रत विनाशुल्क मिळते. तेरवीपर्यंत थांबलेल्या कुटुंबाच्या हाती त्यामुळे जेमतेम आठवडाभर उरतो. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. पुढे वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते.

वर्ष उलटले की काम खरोखर जड होते. पूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. मग बोगस जन्म दाखल्यांच्या तक्रारी उठल्या, त्यांत अमरावती आणि अकोला जिल्ह्यांची नावे ठळक होती. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींचे काम थांबवले आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. तेव्हापासून जुन्या मृत्यूची नोंद करू पाहणाऱ्या प्रामाणिक वारसालाही पुराव्यांची जाडजूड फाइल घेऊनच जावे लागते.

नोंद झालेली असेल तर मात्र प्रती मिळण्यात अवघड काही नाही. अर्ज करायचा, ठरलेली फी भरायची आणि हव्या तितक्या प्रती घ्यायच्या. ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येते. ठरल्या मुदतीत दाखला मिळाला नाही, तर अपील करता येते. झेरॉक्सवर सही-शिक्का घेऊन केलेली सत्यप्रत वेगळी आणि नोंदवहीवरून दिलेली प्रमाणित प्रत वेगळी. काही ठिकाणी मूळ दाखला नुसता पाहून झेरॉक्स ठेवून घेतात, काही ठिकाणी मूळच जमा करावा लागतो. म्हणून एकदाच चार-पाच प्रती काढलेल्या बऱ्या.

पण पैसे भरण्याआधी नोंद डोळ्यांखालून घालावी. आधारवर 'रामभाऊ', सातबाऱ्यावर 'रामराव' आणि दाखल्यावर नुसते 'राम' असेल, तर तिन्ही नावे एकाच माणसाची हे पटवून देण्यात महिने जातात. चुकीच्या नोंदीच्या दहा प्रती काढल्या तरी त्या दहाही चुकीच्याच. कायद्याच्या कलम १५ नुसार निबंधक पुरावा पाहून दुरुस्ती करतो. मूळ मजकूर तो खोडत नाही. समासात दुरुस्ती लिहून खाली सही आणि तारीख टाकतो.

दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते, कलम १७ तशी मनाईच करते. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. कोविडच्या त्या लाटेत ज्यांची माणसे गेली, त्यांना पुढे ५० हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी अर्ज करताना हे जाणवले. हातात दाखला होता, पण कोविडचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यासाठी रुग्णालयाची वेगळी कागदपत्रे जोडावी लागली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायची आहे. ती मागून घ्यावी आणि दाखल्यासोबतच जपून ठेवावी.

आजा-पणजाच्या मृत्यूची नोंद हवी असेल, तर वाट तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे जाते. गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकात जुन्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी सापडतात. जात पडताळणीसाठी वऱ्हाडातली कुटुंबे हीच पाने शोधत असतात. तिथे आडनाव बहुधा नसते. 'गणपत वल्द महादू' आणि पुढे जात, एवढेच. म्हणून अर्जात आडनावापेक्षा गाव, बापाचे नाव आणि अंदाजे वर्ष नेमके लिहावे. मिळालेल्या नकलेवर अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची अशा तारखा असतात. सही, हुद्दा आणि शिक्का यांसह त्या नीट उमटल्या आहेत ना, हे खिडकीवरच पाहून घ्यावे.

या कागदाची गरज किती मोठी आहे, ते 'जिवंत सातबारा' मोहिमेत दिसले. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ही मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवली गेली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावायची, असे तिचे काम होते आणि वारसांकडून मागितलेल्या कागदांत मृत्यूचा दाखला होता. ज्या घरी तो नव्हता, त्यांना आधी निबंधकाचे दार गाठावे लागले.

(पुढील आठवड्यात : वारस फेरफार आणि तीन महिन्यांची मुदत)