बुरोंडीत मुक्काम कौलारू घरात

दापोली तालुक्यातील बुरोंडी येथे समुद्र व परशुरामाचा भव्य पुतळा पाहण्यास जाणाऱ्यांनी एक रात्र परिसरातील जुन्या कोकणी घरात काढावी. जांभ्याच्या जाड भिंती उन्हाची धग अडवितात, उतरत्या कौलांवरून पाऊस निथळून जातो आणि पडवीत वारा खेळता राहतो. मात्र असे घर राखणे खर्चिक असते. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावे लागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने तालुक्यातील असंख्य घरांची कौले उडविली. शासनाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत घरमालकास राहत्या घरातील खोल्या पर्यटकांना देता येतात. पाहुण्यांच्या भाड्यातून शाकारणीचा खर्च निघाला, तर घराला कुलूप लावून मुंबई गाठण्याची वेळ काही कुटुंबांवर येणार नाही.