कपाशीच्या पानातले काळे ठिपके
गांज्याच्या संकरित वाणांची जाहिरात करताना परदेशांतील विक्रेते आता त्यांतील टर्पिनांची, म्हणजे वनस्पतींना वास देणाऱ्या व पाच-पाच कार्बन अणूंच्या कड्यांनी घडलेल्या द्रव्यांची, टक्केवारी छापतात आणि अमुक टर्पिनाने झोप येते, तमुकाने हुशारी वाटते असे सांगतात. प्रत्यक्षात या दाव्यांना माणसांवरील प्रयोगांचा आधार फार तोकडा आहे, आणि नशा येते ती मुख्यतः टीएचसी या वेगळ्याच द्रव्यामुळे. त्यापेक्षा कुतूहलाची गोष्ट अशी की मायर्सीन, पायनीन, कॅरिओफायलीन हीच टर्पिने यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या पानांतही असतात.

कपाशीचे पान उजेडाकडे धरले, तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके विखुरलेले दिसतात. हे ठिपके म्हणजे ग्रंथी; त्यांत वासाच्या टर्पिनांसोबत गॉसिपॉल हे त्याच कुळातले पिवळे द्रव्य साठलेले असते आणि पाने कुरतडणाऱ्या किडींना ते बाधते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रंथीविरहित कपाशी तयार करण्यात आली, तेव्हा एरवी कपाशीला तोंड न लावणारे कीटकही तिच्यावर तुटून पडले.

हेच गॉसिपॉल सरकीतही असते. भिजवलेली सरकीची ढेप म्हशीला सहसा बाधत नाही, कारण तिच्या कोठीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या कप्प्यात, गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन बरेचसे निष्प्रभ होते; पण कोंबडीच्या खाद्यात ते जास्त झाले तर अंड्याचा बलक हिरवट पडतो, आणि कोठीपोट पुरते तयार न झालेली वासरे दगावू शकतात. चीनमध्ये १९७०च्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. मात्र काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटले, काहींची प्रजननक्षमता परतलीच नाही, आणि तो मार्ग सोडावा लागला.

सुरतेत सी. टी. पटेल यांनी १९७० साली ‘संकर-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस दिला. तेव्हापासून वाणांची पारख मुख्यतः उत्पन्न, धागा आणि बोंडअळी यांवरून होत आली व सरकीच्या रसायनाकडे दुर्लक्षच झाले. म्हणूनच टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील कीर्ती राठोड यांचे २००६ सालचे काम कापूसपट्ट्यात घरोघरी माहीत असायला हवे होते: गॉसिपॉल घडवणाऱ्या साखळीतील एका विकराचे जनुक त्यांनी केवळ बियांत दडपले, त्यामुळे सरकी जवळजवळ निर्विष झाली आणि पानांतले ठिपके, झाडाचे ते संरक्षण, शाबूत राहिले. त्या कपाशीच्या लागवडीला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तिची सरकी माणसांच्या आहारासाठीही मोकळी झाली.