गुडघ्याइतकी पायरी

भालकीतली माझी मावशी यंदा पंचाऐंशीची झाली. तिचं घर कधी हललं नाही, सरकारं तेवढी बदलत गेली. जन्मली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कचेरीत उर्दू चालायची. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. मावशीची लेक उदगीरला दिलेली. जुन्या जिल्ह्यात हे दोन शेजारचे तालुके होते, आज लेकीकडे जायचं म्हणजे परराज्यात जायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये म्हाताऱ्यांना सोयीचं शहर कसं असावं याची मार्गदर्शिका काढली. ३३ शहरांतल्या वृद्धांशी बोलून त्यांनी आठ विषय ठरवले: वाहतूक, घर, मोकळ्या जागा, मानसन्मान, माहिती वगैरे. मावशीला विचारलं असतं तर तिने तीनच सांगितले असते. बसची पायरी, स्टँडवरचा संडास आणि कचेरीतला अर्ज.

पायरीचं मी स्वतः पाहिलंय. बस फलाटापासून हातभर लांब उभी राहते, पहिली पायरी गुडघ्याइतकी. मावशी आधी पिशवी आत टाकते, मग दोन्ही हातांनी दांडा धरते, मागून कोणीतरी "चढा आजी, चढा" म्हणत कोपराला आधार देतं. ड्रायव्हरने गाडी फलाटाला चिकटवून लावली तर यातले निम्मे कष्ट वाचतात, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

तिकिटाची गंमत पुढे आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, राज्याच्या हद्दीपुरता. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, तोही हद्दीपुरताच. रेल्वेने जावं, तर ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने गेली ती आलीच नाही. मावशीला हद्द नेमकी कुठल्या नाल्यावर आहे ते ठाऊक आहे. इतका भूगोल ती शाळेत शिकली नव्हती.

पेन्शनचंही तसंच. पासष्टीपुढच्या गरिबांना इकडे 'संध्या सुरक्षा'चे महिना १,२०० रुपये, तिकडे 'श्रावणबाळ'चे १,५००. फरक तीनशेचा असला तरी मला जास्त खुपतो तो अर्ज. तो कन्नडमध्ये असतो. राज्याची भाषा कन्नड आहे, त्यात वावगं काही नाही. पण जिथे एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही निघाव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेतच मान्य झालंय. एका कचेरीत मावशीचा अर्ज दोनदा परत आला. कारण लिहिलेला कागद तिला वाचता आला नाही आणि सांगायला कोणाला वेळ नव्हता. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या कन्नड पोरीने भरून दिला.

दवाखान्यासाठी कलबुर्गी गाठणं मात्र थोडं सोपं झालंय. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाला. त्याआधी कलबुर्गीला रेल्वेने जायचं तर विकाराबादचा वळसा पडायचा. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आता केंद्राचं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तिथे स्टँडवर सावलीत बसायला बाक मिळणं हा उपचाराचाच भाग समजायला हवा.

बागा, विरंगुळा केंद्रं यांची उद्घाटनं मी बरीच पाहिली. त्यांना माझी ना नाही, पण बागेपर्यंत पोचायला आधी गटारावरची फरशी धड लागते.

दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर एकदा स्टँडपर्यंत चालत जा. वाटेत ते कुठे थांबतात, कुठे हात मागतात, ते मोजा. मग नगरपालिकेला अर्ज द्या, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. आणि घरात कोणाला काही अडचण असेल, तर ज्येष्ठांसाठीचा देशभराचा फुकट फोन नंबर १४५६७ आहे. तो मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.